आवा अजून निवला नाही

आमच्या कुंभारकाम कार्यशाळेच्या पत्रिकेवर शेवटच्या दिवसाचा कार्यक्रम असा छापला होता : सकाळी अकरा वाजता, प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते आवा उघडणे. पत्रिका मीच लिहिली होती. महाविद्यालयात वीस वर्षं मराठी शिकवल्यावर ‘शुभहस्ते’ हा शब्द हातून आपोआप पडतो.

आवा, म्हणजे कुंभाराची भट्टी, दिग्रसला इंदूबाईंच्या अंगणात होता. चाक त्यांचे यजमान मारोतीभाऊ फिरवायचे, पण आवा लावायचा आणि उघडायचा तो इंदूबाईंनीच. बुधवारी संध्याकाळी तो पेटवताना त्यांनी मला बजावलं होतं की निवायला दोन रात्री लागतात, आधी उघडला तर गार हवेनं भांडी तडकतात. पाहुणे फक्त गुरुवारी मोकळे होते, म्हणून मी एक रात्र धरली.

आव्याच्या तळाशी इंदूबाईंच्या एकशे साठ घागरी होत्या. रविवारी अक्षय तृतीया. त्या दिवशी घरोघरी पितरांच्या नावानं नवी घागर भरतात, आणि इंदूबाईंचं वर्ष त्या घागरींवर चालतं. फुटल्या तर पुन्हा घडवून वाळवायलाच आठ दिवस लागणार, आणि पितर काही सोमवारपर्यंत थांबत नाहीत. घागरींच्या वर आमचं काम रचलं होतं : जिल्ह्यातल्या कलाशिक्षकांनी घडवलेली एकोणतीस घुबडं आणि एक ताजमहाल.

गुरुवारी साडेदहाला आम्ही मंडप, हार आणि ध्वनिक्षेपक घेऊन पोचलो, तर इंदूबाईंनी आव्यासमोर खाट आडवी टाकलेली. त्यावर बसून त्या सुपात तुरीची डाळ निवडत होत्या.

मी नम्रपणे वेळेची आठवण करून दिली.

“आवा निवला नाही, सर.”

मी पत्रिका पुढे केली. त्यांनी ती वाचली, घडी घालून परत दिली. “मले वाचता येते. आव्याले येत नाही.”

मारोतीभाऊ मध्ये पडले. मोठी माणसं यवतमाळहून येताहेत, एक कोपरा उघडून दाखवू, असं त्यांचं म्हणणं. इंदूबाईंनी सुपातून नजर काढली नाही. “कोपऱ्यातूनच हवा घुसते. चाळीस वर्षं घडे घडवून राह्यले तुमी, आन् हे मी सांगू?” मारोतीभाऊ एकदम आठवण झाल्यासारखे चाकाकडे गेले.

मग मी आयोजकाला शोभेलशा आवाजात सुचवलं की पुढच्या वर्षी कार्यशाळा दुसऱ्या गावी जाऊ शकते.

“न्या ना. आवा इथंच राहीन.”

शिकवायला पुण्याहून आलेल्या सुरभी मॅडमवर माझी शेवटची आशा होती. आधुनिक तंत्र दाखवायलाच त्यांना बोलावलं होतं. त्यांनी पिशवीतून लांब सळईचं तापमापक काढलं आणि राखेच्या थरात खुपसलं. आकडा तीनशे नव्वदवर थांबला. इंदूबाईंनी तिथंच एक तुराटी, तुरीची सुकी काडी, आत सरकवली आणि धूर निघाल्यावर काढून घेतली. दोन्ही उपकरणांचं एकमत झालं. मतभेद फक्त पत्रिकेचा होता.

एवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. त्यांनी परिस्थिती ऐकून घेतली आणि दोनला यवतमाळात बैठक असल्याचं सांगितलं. मग समजुतीनं म्हणाले, “बाई, फक्त वरची राख बाजूला करायची. फोटोपुरती.”

“फोटोपुरती फुटली तरी घागर फुटतेच ना, साहेब?”

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी सुरभी मॅडमकडे. त्यांनी सळई पुसून पिशवीत ठेवली.

“मी माझी भट्टी शंभराच्या खाली आल्याशिवाय उघडत नाही,” त्या म्हणाल्या. “ही तर माझी नाहीच.” आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. इंदूबाईंनी थोडी डाळ त्यांच्याकडे सरकवली.

पाहुण्यांनी नारळ मंडपाच्या खांबापाशी फोडला. भाषण टाइप करून आणलेलं असल्यामुळे ते होणं भागच होतं. कारागिराचा धीर हाच आपला वारसा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. एकदा घड्याळाकडे बघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गेलो, तर खाट जागच्या जागी. आठला विचारलं, तर इंदूबाईंनी राखेवर तळवा टेकवला आणि नकारार्थी मान हलवली. सुरभी मॅडमची सळई शंभराच्या खाली उतरली होती, तरी इंदूबाईंनी पुन्हा तशीच मान हलवली. मॅडमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

साडेनऊला माझा फोन वाजला. पाहुण्यांच्या कार्यालयातून विचारत होते, साहेब शनिवारी दुपारी येऊ शकतात, तोवर आवा बंद ठेवता येईल का? शनिवारी दुपारी या घागरी बाजारात असायला हव्या होत्या. तरी निरोप माझ्याकडे आलेला, म्हणून फोन कानाशी धरूनच मी तो इंदूबाईंना सांगितला.

त्यांनी राखेवर पुन्हा तळवा टेकवला आणि या वेळी तो तसाच राहू दिला. खाट पायानं बाजूला सरकवली, राख ओढली, खापऱ्या उचलल्या. आमची घुबडं एकेक करून मारोतीभाऊंच्या हातात गेली. ताजमहालाचा घुमट आलाच नाही. मग त्या खाली वाकल्या आणि पहिली घागर वर काढली. लालभडक, अख्खी. बोटाच्या पेरानं वाजवली. आवाज अंगणभर गेला, बहुधा फोनमधूनही गेला असावा, कारण पलीकडचा माणूस विचारू लागला की काय झालं.

इंदूबाईंनी घागर माझ्या हातात दिली, म्हणून मला फोन खिशात टाकावा लागला.

“नीट धरा,” त्या म्हणाल्या. “अजून एकशे एकोणसाठ हायेत.”