खिशातले दोन नट

बाबांच्या गळ्यात घुसलेला तुकडा माझ्या तळहाताएवढा होता. ॲल्युमिनियमचा, एका कडेला काळा पडलेला. ट्रकच्या इंजिनात हवा शिरते तिथलं झाकण फुटलं तेव्हा बाबा त्याच्यावर वाकलेले होते. दादा केबिनमध्ये बसला होता. बाबा म्हणाले, "मार." दादाने सेल्फ मारला आणि बॉनेट वरच्या वर उडालं. तो खाली उतरला तेव्हा बाबा उभेच होते, दोन्ही हातांनी गळा धरून, काहीतरी सांगायचं असल्यासारखे. मग ते बंपरला टेकून खाली बसले.

त्यांचा श्वास चालू असतानाच काकांनी दादावर पहिला हात टाकला. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, गॅरेजमधले अर्धे भागीदार. हातात चाकाचे नट खोलायचा पाना होता, तोच चालवला. शेजारच्या टायरवाल्यांनी त्यांना ओढून काढेपर्यंत दादाचे पुढचे दोन दात गेले होते आणि डावं मनगट मोडलं होतं. एकाच गाडीतून बाप आणि मुलगा दवाखान्यात गेले. परत एकटा दादा आला.

मी दुसऱ्या दिवशी पोचले.

काकांचं म्हणणं सरळ होतं. थंडीत डिझेलचं इंजिन पेटावं म्हणून आत जाणारी हवा तापवायला एक जाळी असते. तिला बॅटरीचा करंट देणारी मुठीएवढी डबी म्हणजे रिले. त्या ट्रकला असे दोन होते. इंजिन तरीही सुरू झालं नाही तर मिस्त्री लोक हवेच्या पाइपात चटकन पेट घेणाऱ्या ईथरचा फवारा मारतात. पण जाळी तापलेली असताना फवारा मारला तर तो बॉम्बच. म्हणून बाबांचा नियम होता: आधी दोन्ही रिलेंना चालू व्हायचा हुकूम देणाऱ्या बारीक तारा काढायच्या आणि त्यांचे नट फवारा मारणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवायचे. नट खिशात असताना त्या तारा दुसरं कोणी जोडू शकत नाही. वीस-बावीस वर्षांत हा नियम कधी मोडला नव्हता. त्या सकाळी रिलेपाशी शेवटचा हात दादाचा लागला होता. म्हणजे तारा दादाने जोडल्या. म्हणजे दादाने बापाला मारलं.

"तो ट्रक गॅरेजबाहेर जायच्या आत तुला त्याच्याच बॉनेटखाली घालतो," असं काका घरी येऊन, आईसमोर, बुटांसकट आत येऊन सांगून गेले.

मला भीती काकांची नव्हती. दादाची होती. आठव्या दिवशी तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "जोडल्या असतील गं मीच. सवयीने." त्याच संध्याकाळी आईने त्याच्या उशाखालून दाढीचं पातं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

नवव्या दिवशी दवाखान्यातून बाबांच्या कपड्यांची पिशवी आली. सदरा कात्रीने कापलेला होता आणि रक्त वाळून पुठ्ठ्यासारखा झाला होता. छातीचा खिसा मला नखांनी सोडवावा लागला. आत दोन छोटे नट होते, कापडाला चिकटलेले.

मी ते मुठीत धरले आणि दादाला म्हटलं, "चप्पल घाल."

गॅरेजच्या फरशीवर कोणीतरी भुसा टाकला होता. तो तांबडा झाला होता आणि तसाच होता. ट्रक तोंड फाडून उभा होता.

"तुला काय कळतंय त्यातलं?" दादा म्हणाला.

"बाबांनी शिकवलंय. दहावीच्या सुट्टीत."

"तुला मीटर धरायला दिला होता. मीटर धरणं म्हणजे शिकणं नव्हे."

"मग तू धर. मी शोधते."

रिले शोधायचा नसतो, बाबा म्हणायचे, बॅटरीपासून जाड तारेवर हात ठेवायचा आणि सोडायचा नाही, ती स्वतः नेऊन सोडते. मी तसंच केलं. तार बॅटरीच्या पेटीमागून गेली, मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर चढली, रबराच्या टोपीखाली शिरली. तिथे दोन्ही रिले शेजारी शेजारी होते. दोघांच्या बारीक तारा मोकळ्या लोंबत होत्या, टोकं स्वच्छ. मी मूठ उघडून नट दाखवले.

दादाने एक तार हातात घेऊन तिचं टोक बघितलं. मग खाली बसला, भुशातच.

"मी नाही जोडल्या," तो म्हणाला.

"नाही जोडल्यास."

"मग जाळी तापली कशी?"

ते मलाही हवं होतं. दोघांत डावीकडचा रिले जुना, गंजलेला होता. उजवा नव्यासारखा काळाकुळकुळीत, पण त्याच्याकडून जाळीकडे जाणाऱ्या जाड तारेचं वेष्टण तपकिरी झालं होतं, बोटाने दाबल्यावर पापडी मोडावी तसं मोडत होतं. ती तार बराच काळ तापत राहिली होती. मी दोन्ही रिले तारांपासून सोडवले. एवढ्यात शटरवर लाथ बसली.

"पंडितीण आली का चौकशीला!" काका आत आले. तोच पाना. "आणि हा? बापाच्या रक्तात बसलाय आरामात!"

त्यांनी दादाच्या प्लॅस्टरवर लाथ मारली. दादा ओरडला नाही, फक्त आडवा झाला. मी मध्ये गेले तर त्यांनी मला ढकललं आणि माझी पाठ मडगार्डच्या कडेवर आपटली. काही क्षण मला श्वासच घेता आला नाही. काकांनी पाना वर उचलला तेव्हा मी नट त्यांच्या तोंडावर फेकले.

एक त्यांच्या गालाला लागून खाली पडला. त्यांनी तो बघितला.

"बाबांच्या खिशातले आहेत," मी म्हटलं.

पाना खाली आला, पण हळू. त्यांनी तारांची मोकळी टोकं बघितली. त्यांच्या ओठांवरून जीभ फिरली.

"मग जाळी तापली कशी?" दादाचाच प्रश्न, शब्दाला शब्द.

"तुम्हीच लावा मीटर, काका. आमचा विश्वास कशाला."

त्यांनी आधी जुना रिले घेतला. जाड तारा बसतात त्या खिळ्यांना मीटरच्या दोन पिना लावल्या. मीटर वाजला नाही, म्हणजे आत जोड नाही. तसंच असायला हवं, बारीक तारेतून हुकूम आल्याशिवाय आतले पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे दोन तुकडे, एकमेकांना भिडत नाहीत. मग काळा घेतला. पिना टेकताच मीटर किंचाळायला लागला आणि थांबेना. त्याला एकही बारीक तार जोडलेली नव्हती. आतले पॉइंट वितळून एक झाले होते.

काकांनी रिले उलटा केला. झाकणाच्या कडेला पेचकसाने उचकटल्याच्या दोन खुणा होत्या, वरून काळा रंग मारलेला. त्यांनीच सांगितलं, बहुतेक स्वतःला.

"हा मी उघडला होता. पंधरा दिवसांपूर्वी. पॉइंट जळले होते म्हणून कानशीने घासले. चांगला टकटक करत होता... ट्रक परत आला तर म्हणे बॅटरी रोज उतरते. मी म्हटलं, बॅटरीच म्हातारी झाली असेल."

दादा कधी उठला ते मी पाहिलं नाही. काकांनी खाली ठेवलेला पाना त्याच्या उजव्या हातात होता. पहिला घाव काकांच्या डाव्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. दुसरा गुडघ्यावर. काका खाली पडले. त्यांनी हात वर केले नाहीत, डोकं तेवढं पुढे केलं, न्हाव्यापुढे करावं तसं.

मी त्याला अडवू शकले असते. पहिल्या घावालाही, दुसऱ्यालाही. मला ते दोन हवे होते.

तिसऱ्यासाठी पाना डोक्याच्या वर गेला तेव्हा मी म्हटलं, "दादा, बाबांनी जाड तार का काढली नाही?"

पाना वरच राहिला.

"बारीक काढून काय होतं, पॉइंट चिकटलेले असले तर? जाळीला करंट जाडीतून मिळतो. ती काढायला किती वेळ लागतो?"

"एक मिनिट," दादा म्हणाला. "त्यांनी मला चावी फिरवायला लावली आधी. काळ्या रिलेला कान लावला. म्हणाले, टक नाही, मेलाय. मार आता."

"चिकटलेलाही टक करत नाही."

"गप्प बस."

"त्यांना माहीत होतं ते, दादा. आपल्याला त्यांनीच शिकवलंय. खिशात नट होते म्हणून ते निर्धास्त—"

"गप्प बस म्हटलं ना!"

पाना खाली आला तो ट्रकवर. हेडलाइट फुटला, मग दुसरा, मग रेडिएटरपुढची जाळी, मग बॉनेटचा उरलासुरला पत्रा. एका हाताने मारत होता, पाना निसटून पडेपर्यंत. पडल्यावर तो मुठीने मारत राहिला. काका फरशीवरून म्हणाले, "अरे हात मोडशील. एकच तर आहे." ते हसल्यासारखे वाटले, पण हसत नव्हते.

काकांना उचलून गॅरेजच्या पिकअपमध्ये बसवायला आम्हाला चांगला वेळ लागला. गुडघा वाकत नव्हता. मी खिडकीशी, काका मध्ये, दादा स्टिअरिंगवर. गाडी चालू झाली आणि तिथेच उभी राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

दादाने प्लॅस्टरमधला डावा हात दाखवला. त्याने गिअर पडत नव्हता. मला गाडी येत नाही.

काकांनी आपला उजवा, धड हात गिअरवर ठेवला.

"क्लच दाब," ते म्हणाले.

दादाने दाबला. पहिला पडला. गेटाबाहेर पडल्यावर दादा समोर बघतच म्हणाला, "दुसरा." काकांनी दुसरा टाकला. दवाखान्यापर्यंत ते दोघं तेवढंच बोलले.

आत डॉक्टरने विचारलं कसं झालं. काका म्हणाले, "जॅक सुटला."

डॉक्टरने दादाच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या मुठीकडे.

"यांचं?"

"त्याचाही," काका म्हणाले.