बारा पावलांची रेघ

धाकटीने वाकून पटांगणातल्या सिमेंटवर खडूने रेघ मारली, आणि रेघ पुरी व्हायच्या आत बटण भुंकायला लागलं.

"झालं!" ती म्हणाली. "अजून समोरचा हललासुद्धा नाही."

समोर, बारा पावलांवर, तिच्या थोरल्या बहिणीच्या पायाशी पैलवान बसला होता. अंगाने वासराएवढा कुत्रा, पण स्वभावाने इतका थंड की नाकावर माशी बसली तरी आधी विचार करायचा. त्याने बटणाकडे एकदा पाहिलं आणि जांभई दिली. बटण धाकटीच्या दोन पावलांमध्ये शिरून, शेपूट पोटाशी दाबून, गळा फाटेस्तोवर ओरडत होतं. अंगात थरथर आणि तोंडात एवढी मिजास, असं ते मूठभर कुत्रं होतं.

"दोरी सैल सोड," थोरली बाकावरून ओरडली.

"सैलच आहे."

ती सैल नव्हती. धाकटीचा डावा हात पंचवीस वर्षं सुईपुढे कापड ताणून धरत आला होता. हातात काहीही आलं की तो ते ताणायचाच. हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही हात ऐकत नव्हता म्हणून ती आणखी चिडली.

अठरा दिवस हेच चाललं होतं. महिनाअखेरीला तिला भाड्याची खोली सोडायची होती. थोरलीने फोनवर, शाळेत गणित शिकवून घट्ट झालेल्या आवाजात सांगितलं होतं, "मागची खोली मोकळी आहे, मशीन खिडकीशी बसेल. पण दोन्ही कुत्री एका छपराखाली नांदली पाहिजेत. नाही जमलं तर तुझं ते कुणाला तरी दे." कुणाला तरी दे! जुनी साडी द्यावी तसं. चिंध्यांच्या पोत्यात सापडलेलं ते पिल्लू तीन वर्षं मशीनखाली, तिच्या पायांना टेकून झोपत होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी रीत सांगितली होती. लांबून सुरुवात करा, समोरासमोर आणू नका, एकाच दिशेने चालवा, दोरी ढिली ठेवा, रोज थोडं जवळ या. धाकटीने ते मापाच्या वहीत उतरवून घेतलं. शाळेमागच्या पटांगणात ती रोज संध्याकाळी यायची आणि बटण जिथवर येईल तिथे रेघ मारायची. चाळीस पावलं, मग तीस, वीस, बारा. बाराला जी गाडी अडली ती अडलीच. परवा थोरलीला ताप होता म्हणून तिची शेजारीण पैलवानाला घेऊन आली, तेव्हा बटण सात पावलांपर्यंत मुकाट गेलं होतं. ती रेघ धाकटीने चपलेने पुसून टाकली. चुकून झालं असणार.

"तू घाबरतेस म्हणून ते घाबरतं," थोरली म्हणाली.

"उंटावरून शेळ्या हाकायला तुला बरं जमतं. उठून जरा चालून दाखव."

थोरली खरंच उठली. मध्ये बारा पावलं ठेवून दोघी एका दिशेने चालू लागल्या. बटण भुंकतच होतं.

"त्याचं काही दुखतंय का, ते तरी वेळेवर बघ."

"वेळेवर? तू मला शिकवतेस वेळेवर? तू वेळेवर कळवलं असतंस तर..."

पुढचं दोघींना पाठ होतं. आई गेली त्या दिवशी तू वेळेवर कळवलं असतंस तर मला तिचं तोंड दिसलं असतं. सहा वर्षं धाकटी हे नातेवाइकांना, गिऱ्हाइकांना, ऐकेल त्याला सांगत आली होती. थोरलीने कधी उत्तर दिलं नव्हतं.

आज ती थांबली.

"चार वेळा केला होता फोन," ती म्हणाली. "मशीन चालू असलं की तुला ऐकू येत नाही, म्हणून मी कुणाजवळ बोलले नाही. पण आता पुरे झालं गं. मी थकले हे ऐकून."



"ऐकू आला होता," धाकटी म्हणाली.

"काय?"

"फोन. तुझं नाव दिसत होतं. कॉलर लावत होते. म्हटलं, एवढी कॉलर झाली की करू. मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी शिकवायला केला असशील."

बोलून झाल्यावर तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने मान वर केली नाही. थोरलीच्या चपला जवळ येताना तेवढ्या दिसल्या.

"कसली कॉलर?"

"बँडवाल्याची. लाल."

"बसली का नीट?"

"नाही. दोनदा उसवली."

थोरलीने चष्मा काढला, पुसला आणि हातातच ठेवला.

"चौथा फोन आईने लावायला सांगितला होता. तू उचलला नाहीस, तेव्हा म्हणाली, राहू दे, मशीनवर असेल. कापड हातातून सुटलं की पुन्हा बसवावं लागतं."

पटांगणात आवाज नव्हता. कधीपासून नव्हता, ते धाकटीला कळलं नाही. तिने हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता, दोरी सिमेंटवर पडली होती. तिच्या दुसऱ्या टोकाला बटण मान लांब करून, थोरलीबरोबर चालत आलेल्या पैलवानाच्या मागच्या पायाचा वास घेत होतं. पैलवान मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

"हात लावू नकोस," थोरली हळूच म्हणाली.

"नाही लावत."

सवयीने धाकटी खडू काढून खाली वाकली. रेघ कुठे मारायची ते तिला समजेना, म्हणून ती तिथेच थोरलीच्या पायाशी बसली आणि रडू लागली. बटणाने एकदा वळून पाहिलं. धावत मात्र आलं नाही. ते पैलवानाच्या कानाकडे वळलं.