धुराड्याची तोफ

मंगळवारी सकाळी नदीपलीकडचा साबणाचा कारखाना बॉम्बने भुईसपाट झाला. बुधवारच्या सरकारी पत्रकाप्रमाणे तिथे साबणाचा कारखाना कधी नव्हताच. त्यामुळे गुरुवारी दैनिकाचा व्यंगचित्रकार नेहमीसारखा टेबलाशी बसून टाक धूत होता. जे नव्हतंच, ते पडणार कसं? पेल्यातलं पाणी काळंकुट्ट झालं तरी तो धूतच राहिला.

ऑफिसात त्याला सगळे रेघोट्या म्हणत. नाव ताईने ठेवलेलं. भिंती रंगवल्याबद्दल धपाटाही तिनेच घातलेला. ताई लग्न होऊन नदीपलीकडे गेली आणि त्या कारखान्यात वड्यांना कागद गुंडाळू लागली, सकाळच्या पाळीला. लढाईआधी, पलीकडचे शत्रू ठरण्यापूर्वी, तो पूल ओलांडून तिला भेटायला जाई आणि पाळी सुटेपर्यंत फाटकाबाहेर बसून कारखाना वहीत उतरवी.

संपादकांचा नियम होता, "चित्रात खोटं एकच. बाकी खिळान्‌खिळा खरा. नाहीतर लोक हसत नाहीत." म्हणून गेल्या आठवड्यातल्या 'शत्रू साबणातही दारू भरतो' या चित्रात त्याने नदीचं वळण, पूल, पाण्याची टाकी, फाटकावरचं घड्याळ, सगळं जुन्या वहीतून जसंच्या तसं घेतलं. खोटं एकच. धुराड्याच्या जागी तोफ.

दुपारी हवाई खात्याचे साहेब प्रशस्तिपत्र घेऊन आले. संपादकांनी स्वतःच्या रुमालाने खुर्ची पुसली.

"आमच्या फोटोंत नुसते ढग हो," साहेब म्हणाले. "तुमचं चित्र म्हणजे आरसा! वैमानिकांनी कापून समोरच चिकटवलं होतं."

"तोफ मी काढली होती," रेघोट्या म्हणाला.

"तेच तर! तुमच्याआधी कोणाला दिसलीच नाही."

"साहेब, ती गंमत होती."

"अहो, गंमत कळते आम्हाला. हसून हसून पुरेवाट झाली."

"आणि तरी बॉम्ब टाकलेत?"

"हसणं वेगळं, कामकाज वेगळं."

"आत सकाळची पाळी होती. माझी ताई होती."

साहेबांनी संपादकांकडे पाहिलं. संपादकांनी छताकडे.

"पत्रकात कारखानाच नाही," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "मग पाळी कुठून येणार? तरी तक्रार असेल तर अर्ज करा. प्रत्येक अर्जाचा विचार होतो."

रेघोट्याने प्रशस्तिपत्र उलटं केलं. टाक असा बुडवला की दौत कलंडली आणि शाई साहेबांच्या पांढऱ्या बाहीवर उडाली. त्याने वर पाहिलं नाही. एकही खोटं न घालता तो लिहू लागला:

"हवाई खाते यांस. विषय: चित्रातील दुरुस्तीबाबत. महोदय, सदर चित्रातील तोफ ही माझी चूक असून ती खोडून तेथे पूर्ववत धुराडे काढून देण्यास मी तयार आहे. तरी ही दुरुस्ती सोमवारपासून ग्राह्य धरून, मंगळवारी टाकलेले बॉम्ब खात्याच्या गोदामात परत जमा करून घ्यावेत, आणि सकाळच्या पाळीस दुपारी दोन वाजता, फाटकावरील घड्याळाप्रमाणे, घरी सोडण्यात यावे, ही नम्र विनंती."