कोऱ्या ताडपत्र्यांचा कारभारी

सज्जन वाचकहो, प्रभूचा सेवक म्हणवून घेणाऱ्या एका कारभाऱ्याने सोपवलेली जबाबदारी कशी सांभाळली, ते मी येथे यथामती निवेदन करणार आहे. मीही त्याच प्रभूला मानणारा असल्यामुळे माझ्या लेखणीत तिरस्कार अधिक उतरेल. तो मी आवरणार नाही.

सन १९७४ च्या सुगीत जवळा बाजारच्या एका जिनिंगमध्ये मी पहारेकरी होतो. गोदामाचा कारभार योहानरावांकडे होता. मालक रतनसिंग यांनी कापसाच्या गंजींवर घालण्यासाठी नव्या ताडपत्र्या आणून त्यांच्या स्वाधीन केल्या. योहानरावांनी त्या डांबरगोळ्या घालून गोदामाच्या कोठीत कुलपात ठेवल्या. रोज कुलूप उघडीत, नेत्र मिटून प्रार्थना करीत, घड्यांवरची धूळ झटकीत आणि पुन्हा कुलूप लावीत. एवढ्या परिश्रमानंतर त्यांना चहा लागे.

"वापरली की वस्तू झिजते, याकोब," ते मला उपदेश करीत. "आपल्याला वर हिशेब द्यायचा आहे."

धन्याने दिलेले द्रव्य मातीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्ट प्रभूने सांगितली आहे. योहानराव ती रविवारी डोळ्यांत पाणी आणून सांगत. त्या चाकराने निदान खड्डा खणण्याचे तरी कष्ट घेतले होते.

कार्तिकातल्या एका दुपारी आभाळ अकस्मात काळवंडले. वजनासाठी थांबलेल्या गोजरबाईचा कापूस आवारात उघड्यावर होता. कोरडवाहू रानातले तिचे वर्षाचे पीक तेवढेच.

"साहेब, ताडपत्री टाका की वो! भिजला तर कुनी घेनार न्हाई."

"वजन झाल्याशिवाय तो कापूस आमचा नव्हे, बाई. मालकाची वस्तू परक्या मालावर कशी टाकू?"

थेंब पडू लागले. योहानराव गुडघे टेकून, पाऊस थांबावा म्हणून प्रार्थना करू लागले.

"देवाला काहून तकलीफ देऊन राहिले?" गोजरबाई ओरडली. "किल्ली तुमच्याच कमरेला हाय न्हाई का!"

मी किल्ली मागितली. त्यांनी एक डोळा उघडला, माझ्याकडे रागाने पाहिले आणि पुन्हा मिटला. मी माझे घोंगडे कापसावर टाकले. त्याखाली टोपलीभर कापूस झाकला गेला असेल. बाकीचा सगळा भिजला, मालकाच्या गंजीसुद्धा.

सकाळी मालक आले. योहानरावांनी मोठ्या अभिमानाने कोठी उघडली.

"एक डाग नाही, मालक."

"कापूस झाकायला ताडपत्र्या आणल्या होत्या, का ताडपत्र्या झाकायला गोदाम बांधलं?" मालक गरजले. त्यांनी किल्ली हिसकावून गोजरबाईच्या हाती दिली. "बाई, ओढा बाहेर. त्याच्यावरच वाळवा तुमचा कापूस. वाळला की मी घेतो."

गोजरबाईने ताडपत्र्या चिखलातून फराफरा ओढल्या. कापूस वाळला, पिवळसर पडला आणि हलक्या भावाने का होईना, पण गेला. योहानराव मात्र ताडपत्र्यांवरच्या पावलांचे ठसे मोजीत हळहळत होते.

"धुवा की मग," जाताना गोजरबाई म्हणाली. "हात तं रिकामेच हायत तुमचे."

ते धुवायला बसले नाहीत. प्रार्थनेला बसले.

आपण अमूल्य वेळ देऊन हे वाचलेत, त्याबद्दल मी अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
याकोब सोनाजी खिल्लारे