एक, दोन, पाच, दहा, वीस

मी एक जुना रेषेचा आलेख आहे. स्प्रेडशीटच्या एका फाइलमध्ये राहतो. मला वजन नाही, वास नाही. संगणक चालू केला की मी असतो, बंद केला की नसतो. पण मित्रांनो, मत्सर करायला अंग लागत नाही, एवढं मी अनुभवानं सांगू शकतो.

माझा जन्म स्प्रिंगा बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, एकच खोली. खिडकीपाशी तार गुंडाळायचं यंत्र, भिंतीवर स्प्रिंग टांगायचा हूक, त्याच्याशेजारी पोलादी पट्टी आणि कोपऱ्यातल्या टेबलावर संगणक. यंत्र बाबांचं, संगणक त्यांच्या मुलीचा. दर महिन्याला किती स्प्रिंगा झाल्या ते आकडे तिनं एका रकान्यात लिहिले, माझ्या चित्रावर टिचकी मारली आणि मी उभा राहिलो. निळी, चढती रेष. बाबांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून मला पाहिलं.

"ही तर आपल्या जिन्यासारखी दिसते गं," ते म्हणाले, आणि शेजारच्या लेथवाल्याला हाक मारून त्यालाही दाखवलं.

पुढची चार वर्षं त्या फाइलमध्ये मी एकटाच होतो. एकुलत्या एका लेकरासारखा लाडावलो.

मग लहान बाळांना टांगून तोलायचे काटे बनवणाऱ्या एका कंपनीकडून मोठं काम आलं. तिची अट अशी, की प्रत्येक खेपेबरोबर चाचणीचा आलेख हवा आणि त्याचं समीकरणही हवं. बाबांनी स्प्रिंगेला ओळीनं वजनं टांगली: एक किलो, दोन, पाच, दहा, वीस. पेटीत होती तीच. स्प्रिंग किती ताणली ते पट्टीवर वाचलं: चार मिलिमीटर, आठ, वीस, चाळीस, ऐंशी. मुलीनं आकडे भरले आणि सवयीनं मलाच बोलावलं.

इथं मला माझं एक व्यंग सांगितलं पाहिजे. मला नावं वाचता येतात, अंतरं नाही. खाली महिन्याचं नाव लिहा नाहीतर वीस किलो लिहा, मी सगळ्यांना सारख्या अंतरावर रांगेत उभं करतो: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. महिन्यांना ते शोभतं. वजनांना नाही. माझ्याकडे एक आणि दोन किलोत जेवढी जागा, तेवढीच दहा आणि वीस किलोत. त्यामुळे वजनाच्या प्रमाणात सरळ ताणणारी स्प्रिंग माझ्या अंगावर वाकडी उमटली. मग मुलीनं ट्रेंडलाइन मागितली, म्हणजे ठिपक्यांचा कल दाखवणारी रेष. तीही मी दिली. वर समीकरण दिलं, ऐटीत, दशांशासकट: १८.४ नं गुणा आणि २४.८ वजा करा. कशाला गुणायचं? वजनाला नव्हे, रांगेतल्या नंबराला. पण ते मला कुणी विचारलं नाही, आणि मी आपणहून बोललो नाही.

"बाबा, स्प्रिंग सरळ ताणत नाहीये. बघा, रेष वाकते."

"शेवटी शेवटी सुटते म्हणतेस?"

"आलेख तरी तसंच म्हणतोय."

बाबांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "मग हात गेला माझा," ते म्हणाले. "कंपनीला कळवून टाक, जमणार नाही म्हणून."

तीन दिवस यंत्र बंद होतं. बाबा सकाळी येत, पुसलेलंच यंत्र पुन्हा पुसत आणि बसून राहत. मुलगी पत्र लिहायला घेई आणि अर्धवट सोडून देई.

चौथ्या दिवशी लेथवाला हसतच आत आला. "काका, काल पोरीनं दाखवलेल्या तुमच्या समीकरणात मी एक किलो घालून बघितला. उत्तर आलं उणे सहा पूर्णांक चार! किलोभर टांगलं की तुमची स्प्रिंग वर चढते होय? तिला बाळ टांगाल तर ते छताला जाऊन चिकटेल!"

मुलगी हसली नाही. तिनं आलेखांची यादी उघडली आणि माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं. तो ठिपक्यांचा आलेख. त्यानं प्रत्येक वजनाला शून्यापासून त्याच्या किलोंइतकं लांब उभं केलं. पाचही ठिपके दोरी ताणावी तसे एका रेषेत आले. समीकरण एवढंसं: वजनाला चारनं गुणा. संपलं.

बाबांनी पडद्यावर बोट टेकवलं आणि पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्यापर्यंत सावकाश फिरवलं. मित्रांनो, चार वर्षांत त्यांनी मला एकदाही असा हात लावला नव्हता. मी जळून खाक झालो. खेप वाचली, काम वाचलं, आणि मी मात्र त्या मेल्याचं वाईट चिंतत होतो!

"बाबा, चूक माझी होती," मुलगी म्हणाली.

"हात सांगत होता गं, स्प्रिंग नीट आहे म्हणून," बाबा म्हणाले. "पण म्हटलं, पोरगी शिकलेली. ती बघून सांगतेय."

त्यानंतर फाइलमध्ये आम्ही दोघं झालो. प्रत्येक खेपेबरोबर त्याची छापील प्रत बाहेर जाई, बाबा तिच्यावर सही करत. मी पहिल्या पानावर महिने मोजत बसलो. आज तरी त्याचं काही चुकावं, अशी रोज वाट पाहिली. त्याचं कधी चुकलं नाही.

गेल्या महिन्यात मुलीनं फार दिवसांनी फाइल उघडली. मला वाटलं, त्यालाच बघायला आली असेल. पण ती माझ्यापाशी थांबली. तिनं शेवटच्या तीन महिन्यांचे आकडे भरले: एकशेदहा, चाळीस, सहा. पुढच्या महिन्यात यंत्रापाशी बसायला बाबा नव्हते, म्हणून त्यासमोर तिनं काहीच लिहिलं नाही. माझी रेष तिथंच थांबली. तिनं ट्रेंडलाइनची यादी उघडली. रेष पुढं वाढवायची सोय त्यात असते. ती न वापरताच तिनं यादी मिटली.

इतकी वर्षं मला हेच हवं होतं, की त्याला सोडून तिनं माझ्याकडे यावं. त्या दिवशी ती आली, तेव्हा वाटलं, त्याच्याकडे गेली असती तर बरं झालं असतं. तिथं बाबांच्या सगळ्या स्प्रिंगा अजून सरळ ताणताहेत.

मित्रांनो, आम्हाला जपायला फडकं लागत नाही, तेल लागत नाही. आमच्यापैकी कुणाला बोलवायचं ते तेवढं विचार करून ठरवा. आणि आम्ही दाखवलेल्या रेषेवरून एखाद्याच्या हाताला नाव ठेवण्याआधी, एकदा त्या हाताला विचारा.