दहा जागा आणि एक पार्किंग

वनस्पती खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर बसणाऱ्या बाईंना सगळे नकाशाबाई म्हणत. आता घरी नवराही तेच म्हणायला लागला होता आणि बाईंनी त्यावरून भांडणं सोडून दिलं होतं. झाडांसाठी देशातल्या कुठल्या जागा आधी वाचवायच्या, हे ठरवायचं काम त्यांच्याकडे होतं. सगळा देश वाचवायची ऐपत कुणाचीच नसते, म्हणून दहा जागा निवडायच्या होत्या. दहाच का, तर मंत्र्यांच्या भाषणात दहा छापून झालं होतं.

काम तसं सरळ होतं. खात्याच्या तळघरात वाळवून कागदावर चिकटवलेल्या हजारो वनस्पती होत्या. प्रत्येकीखाली एक चिठ्ठी: नाव काय, कुणी आणली, कुठून आणली. या चिठ्ठ्या बाई संगणकात भरून घेत होत्या. जिथे दुर्मीळ झाडांची दाटी जास्त, ती जागा यादीत वर, एवढा साधा हिशेब.

बाईंचा जीव मात्र एका घळीत अडकला होता. त्या घळीतल्या ओल्या कातळावर बोटभर उंचीचा एक तेरडा उगवायचा. पानांची मागची बाजू जांभळी, फूल तांदळाच्या दाण्याएवढं, आणि जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही नाही. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी तो पहिल्यांदा पाहिला होता. आता घळीच्या तोंडाशी खडीवाल्याने यंत्रं आणून उभी केली होती. घळ दहात आली तर यंत्रं परत जाणार, नाहीतर कातळाला सुरुंग लागणार. कच्च्या यादीत घळ दहावी होती. काठावर पास झालेल्या पोराच्या आईसारख्या बाई ती यादी पुन्हा पुन्हा बघत.

तळघरातल्या मागच्या खोलीतली कपाटं तेवढी राहिली होती. तीही संगणकात भरून झाली, पक्की यादी आली आणि घळ अकरावी झाली. पहिल्या नंबरावर भलतीच जागा येऊन बसली होती. बाईंनी नकाशा मोठा केला. शहर दिसलं, मग रस्ता, मग फाटक, मग त्यांचीच इमारत. लाल ठिपका थांबला तो खात्याच्या पार्किंगमध्ये, साहेबांची गाडी लागते तिथे. संगणकाच्या मते देशातल्या निम्म्या दुर्मीळ वनस्पती तिथे उगवत होत्या. प्रत्यक्षात तिथे सिमेंट होतं आणि ऑइलचा एक डाग.

बाई तळघरात धावल्या. मागच्या कपाटांतल्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर त्यांनी झोपेतही ओळखलं असतं. त्यांचे वडील याच खात्यात झाडं गोळा करायच्या नोकरीला होते.

"अण्णा, ढीगभर चिठ्ठ्यांवर ठिकाण म्हणून 'कार्यालय' लिहिलंय तुम्ही," घरी आल्या आल्या त्या म्हणाल्या.

अण्णा दाढी करत होते. "मग काय लिहायचं होतं?"

"झाड जिथून आणलं ते."

"अगं, रानात फिरफिर फिरून परत यायचं. कुठलं झाड कुठल्या डोंगरावरचं, कुणाच्या लक्षात राहतंय? रकाना रिकामा सोडला की वरचे लोक नमुना परत पाठवायचे. मी कार्यालयात बसून लिहीत होतो, म्हणून कार्यालय लिहिलं. त्यात खोटं काय?"

"आणि बाकीचे?"

"तेही तेच लिहायचे. आम्हाला आमच्या साहेबांनीच शिकवलं तसं."

बाईंना इतका संताप आला की त्यांनी अण्णांच्या पुढचा आरसा उचलला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. अण्णांची अर्धी दाढी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या, पण साहेबांनी यादी आधीच मंत्र्यांकडे धाडली होती.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना बाई, ते हेच," साहेब म्हणाले. "जन्मभर रानं पालथी घातली, आणि खरं रान माझ्या गाडीखाली."

"साहेब, तिथे गवताची काडी नाही."

"म्हणून तर दुर्मीळ."

"चिठ्ठ्या चुकीच्या आहेत हो."

साहेबांनी उठून दार लावलं. "मंत्र्यांनी काल सभेत सांगितलंय की पहिली जागा आपल्या कार्यालयाच्या आवारात आहे. टाळ्या पडल्यात. त्या परत करायला तुम्ही जाता का?"

टाळ्या परत घेणारं खातं बाईंच्या माहितीत नव्हतं.

मग सगळं रीतसर झालं. पार्किंगला कुंपण पडलं. शिट्टी घेऊन एक रखवालदार बसला आणि साहेब बसने यायला लागले. तज्ज्ञांची समिती आली, ऑइलच्या डागाभोवती हळू पावलांनी फिरली आणि एकही वनस्पती दिसली नाही असं तिने लिहून दिलं. वनस्पती माणसाला बुजल्या आहेत, असा तिचा निष्कर्ष होता. त्यामुळे माणसांची वर्दळ थांबवणं भाग होतं, आणि सगळ्यात जवळची वर्दळ म्हणजे खुद्द वनस्पती खातं. खात्याने इमारत सोडावी असं ठरलं.

जायचं कुठे हा प्रश्न होता. सरकारी, मोकळी आणि कुठल्याही यादीत नसलेली जागा हवी होती. अशी एकच सापडली. घळ.

"खडीवाला फुकटात सपाट करून देतोय," साहेब आनंदाने म्हणाले. "आदेशावर सही झाली. आजपासून आपला पत्ता तोच."

घरी येऊन बाई अण्णांपुढे बसल्या आणि ढसाढसा रडल्या. "तुम्हीच दाखवलंत मला ते फूल, अण्णा. आणि तुमच्याच चिठ्ठ्यांनी त्याचा गळा घोटला."

अण्णांचा चेहरा पडला. बराच वेळ ते लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "कार्यालय कुठलं ते तरी मी कुठे लिहिलं होतं?" ते शेवटी पुटपुटले. "मी नोकरीला लागलो तेव्हा तर कार्यालय नदीपलीकडे होतं."

बाई रडता रडता थांबल्या. नाक पुसून त्या उठल्या आणि त्यांनी आधी अण्णांचा आरसा काढून दिला.

सकाळी त्यांनी आदेश समोर ठेवला, संगणकात कार्यालयाचा पत्ता बदलला आणि यादी पुन्हा काढली. लाल ठिपक्याने पार्किंग सोडलं आणि तो घळीत जाऊन बसला. तळघरातली 'कार्यालय' लिहिलेली सगळी झाडं त्याच्यामागे निमूट गेली. घळ पहिली आली, पार्किंग यादीतून गेलं.

"साहेब, आता घळीत बांधकाम करता येणार नाही. पहिल्या नंबराची जागा आहे ती."

"आणि मंत्र्यांचं भाषण?"

"ते म्हणाले पहिली जागा कार्यालयाच्या आवारात आहे. आहेच की."

साहेब खिडकीशी गेले. खाली कुंपणात पार्किंग रिकामं पडलं होतं. "म्हणजे मी गाडी आणू शकतो?"

"आजपासून. फक्त पत्त्याचा आदेश मागे घ्यायचा नाही. घेतला की जंगल परत तुमच्या गाडीखाली."

साहेबांनी आदेश तिजोरीत ठेवला. बसच्या गर्दीत त्यांचा चष्मा दोनदा फुटला होता.

यंत्रं परत गेली. मात्र पत्ता आहे तिथे एक तरी कर्मचारी हजर हवा, असा नियम निघाला, आणि तो कुणाच्या गळ्यात पडणार हे सांगायला नको. बाईंना टेबल, खुर्ची, शिक्का आणि खात्याची पाटी मिळाली. नवरा म्हणाला, "नकाशाबाई, डबा जरा मोठा न्या." तेरड्याला फुलं आली तशी त्यांनी अण्णांनाही सोबत नेलं. जन्मदात्यावर किती दिवस रागवायचं?

वाऱ्याने मोडून पडलेली तेरड्याची एक काडी बाईंनी उचलली आणि जपून कागदावर ठेवली. अण्णांनी खिशातलं पेन काढलं. नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि ठिकाणाच्या रकान्याशी त्यांचा हात थांबला.

"या वेळी खरं लिहितो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "घळीचं नाव सांग."

बाईंनी पाटीकडे पाहिलं, कातळावरच्या जांभळ्या पानांकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं.

"कार्यालयच लिहा, अण्णा."

अण्णांनी लिहिलं. मग चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन ते कितीतरी वेळ ती वाचत बसले.