रत्नम्माच्या दंडाचं बीपी

मी बीपीची मशीन बोलायलेय. भालकीत गुरुपादय्यांच्या घरी टीव्हीशेजारी माझा मुक्काम असतो. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पोटात सेल पडले तेव्हा मी शुद्धीवर आले, आणि समोर पहिलं तोंड दिसलं ते त्यांच्या बायकोचं, रत्नम्माचं. ती माझ्या काचेवर विभूतीचे तीन पट्टे ओढत होती. पुढे दोन दिवस कुणाला आकडाच दिसेना. शेवटी तिच्या लेकानं, प्रशांतकुमारनं, मला रुमालानं पुसलं.

माणसं मोठी गमतीची. दंडाला पट्टा बांधला की श्वास धरून बसतात. जणू मी त्यांची पापंच मोजणार आहे! मी आपली आवळते, सोडते, आकडा दाखवते. आवडला तर मशीन चांगली, नाही आवडला तर मशीन बिघडली.

मला आणलं होतं सुनेसाठी. मल्लेश्वरीला किडनीचा आजार, आणि तिला बाळ हवं होतं. गुलबर्ग्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "आधी बीपी ताब्यात यायला पाहिजे. तुमची एक गोळी पोटातल्या बाळाला बाधते, तीही आधी बदलावी लागेल. मला रोज आकड्याचा फोटो पाठवा, मग बघू."

झालं! रत्नम्मानं ते परीक्षेसारखंच घेतलं.

पहिल्या दिवशी मी मल्लेश्वरीच्या दंडावर चढले आणि खरा आकडा दाखवला. तो बराच वर होता.

"हे कसलं गं!" रत्नम्मा ओरडली. "तू काळजी करायलीस म्हणून चढलाय. सरक, माझा दंड घे."

रत्नम्माचा आकडा आला एकदम झकास. फोटो गेला. फोनवर बाईंचा अंगठा आला. रत्नम्मानं मला पेढा दाखवला आणि स्वतः खाल्ला.

तेव्हापासून घरात दंडांची निवडच सुरू झाली. गुरुपादय्या बाही वर करून आले. "माझा बघा की, मी सकाळी फिरायला जातो." त्यांचा आकडा सुनेपेक्षाही वर निघाला.

"तुम्ही बाजूला व्हा," रत्नम्मा म्हणाली. "तुमच्या हातानं नातू येणार न्हाई!"

समोरची सोजराबाई पण दंड घेऊन हजर झाली. तिचा आकडा चांगला होता, पण रत्नम्मानं तिला चहा पाजून परत पाठवलं. नातवाचा मान शेजारणीला कशाला द्यायचा?

मला कुणी विचारलं का? छे! आणि मल्लेश्वरीही ते फोटो जाऊ देत होती. तिलाही बाळ हवंच होतं ना. एवढ्या छान आकड्यांवर रागवायचं तरी कसं?

महिन्यानं सगळे मला पिशवीत घालून गुलबर्ग्याला गेले. बाई फोनमधले फोटो बघून खुश झाल्या. "फारच छान. आज ती गोळी बदलू, आणि मग प्रयत्न करायला हरकत नाही."

रत्नम्मानं हात जोडले. प्रशांतकुमारच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी पेन उचललं, तेवढ्यात मल्लेश्वरी म्हणाली, "थांबा डॉक्टर. ते आकडे माझे न्हाईत. आत्यांचे हायत."

बाई चष्म्यावरून रत्नम्माकडे बघतच राहिल्या.

"मला बाळ पायजे," मल्लेश्वरी म्हणाली. "लई पायजे. पण माझं काय व्हईल ते खरं सांगा. मग ठरवते मी."

तिनं स्वतःच मला काढलं आणि पट्टा बांधला. माझा आकडा वर चढला, आणि बाईंच्या मशीननंही तेच सांगितलं. खरं सांगते, त्या दिवशी मलाच माझा आकडा आवडला नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "एवढ्या बीपीत दिवस राहिले तर किडनी आणखी बिघडू शकते, डायलिसिसची पाळी येऊ शकते. बाळ वेळेआधी येऊ शकतं. तुमच्या जिवालाही धोका आहे. मी कायमचं नाही म्हणत नाही. आधी बीपी खाली आणू. तोवर दिवस राहू नयेत अशी सोय करू. पुढचं तुम्ही दोघं ठरवा."

रत्नम्मा पुढे सरकली. "बाई, माझं बीपी एवढं चांगलं हाय. ते हिला देता येत न्हाई का?"

"किडनी देता येते हो. बीपी नाही देता येत."

"मग किडनी घ्या की!" रत्नम्मा तिथंच बाही वर करायला लागली. "कुठनं काढता? घ्या. नातू ऱ्हाऊ द्या. ही माझी पोरगी ऱ्हायला पायजे."

"अव्वा, किडनी दंडात नसती," प्रशांतकुमार म्हणाला आणि रडायला लागला. बाईंनी रत्नम्माची बाही खाली केली. आत्ता किडनीची गरज नाही म्हणाल्या.

आता नव्या गोळ्या सुरू आहेत. मी रोज सकाळी मल्लेश्वरीच्याच दंडावर असते. रत्नम्मा दारात बसते आणि सोजराबाईला आत येऊ देत नाही. वाचणाऱ्यांनो, माझी एवढीच विनंती आहे. जिच्या पोटात बाळ वाढायचंय, तिच्याच दंडाला पट्टा बांधा, आणि तिलाच विचारा.

आज आकडा थोडा उतरला, पण पुरेसा नाही.

"अजून न्हाई हो, आत्या," मल्लेश्वरी म्हणाली.

"होऊ दे की निवांत," रत्नम्मानं माझा पट्टा सोडवला. "तू हायस न्हवं?"